बांबोळीहून परतताना

आज भाचीला घेऊन बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाऊन आले. १५ वर्षांची पोर, दीड वर्षापूर्वी क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या आजाराचं, निदान झालं. या वेळी रिपोर्ट चांगले आले. तरी कदंब बसमध्ये बसल्यावर खिडकीकडे बघत म्हणाली, "मावशी, पोट बरं आहे गं, पण डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं. वाचलेलं राहतच नाही."

शाळेत तिला आळशी म्हटलं गेलंय. घरीही. मीसुद्धा म्हटलंय, आणि आज तेच सलतंय.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आतड्याला सूज असली की रक्तात सायटोकाइन्स, म्हणजे सुजेचे निरोप नेणारी प्रथिनं, वाढतात आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतो: थकवा, उदासी, लक्ष न लागणं. मूडशी संबंध असलेलं सेरोटोनिन नावाचं रसायन, शरीरातलं सुमारे ९० टक्के, आतड्यात बनतं. ते थेट मेंदूत जात नाही, पण पोटाची खबर पोट आणि मेंदू जोडणारी व्हेगस नर्व्ह सतत वर नेत असते. त्यात स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झोप आणि मूड बिघडतो, चेहरा सुजतो. या वयात आरशात तो चेहरा बघणं किती कठीण! अशा मुलांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं, म्हणून पोटाच्या तपासणीबरोबर मनाचीही विचारपूस व्हायला हवी, असं ते म्हणाले. समुपदेशनाची वेळ आजच घेतली.

वर्गात मध्येच उठून बाथरूमला जायची धास्ती तिने आज पहिल्यांदा बोलून दाखवली. दीड वर्षात आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

फोंड्याला उतरल्यावर म्हणाली, "चतुर्थीला माटोळी मीच बांधणार हां." माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट. बांध गं बाय, स्टूल मी धरते.