ट्रेलरचं पुढचं दार

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

सहा मेंढरं गेली आज. दुपारी दीडला. जाणार हे महिनाभर ठरलेलं होतं. त्यांच्या कानातले बिल्ले मीच तपासले, हलवण्याचा फॉर्म मीच भरला, पैसे मीच मोजून घेतले. त्यामुळे मेंढरं गेली म्हणून रडू येतंय असं म्हणावं, तर तसं नाही. झोप लागत नाही ती त्या दारामुळे.

ट्रेलरचा रॅम्प खाली टाकला, दोन्ही बाजूंनी फाटकं लावली, माझ्या कुत्रीला, नेलला, मागे बसवलं. सोपं काम होतं. नेलने एक पाऊल टाकलं आणि सहाच्या सहा रॅम्पकडे जायचं सोडून माझ्या पायाशी येऊन उभी राहिली. नेहमीसारखी. पुन्हा लांब नेली, पुन्हा तेच. मेंढरं न्यायला आलेला मुलगा म्हणाला, एकेक धरून चढवू का? मी नको म्हटलं. आणि मग मी स्वतःच रॅम्प चढून आत गेले. ती मुकाट माझ्यामागून आत आली. कुणी हाकललं नाही, कुणी ओढलं नाही. मागे फाटक लागल्याचा आवाज झाला, आणि मी पुढच्या बाजूचं ते माणसापुरतं छोटं दार उघडून वाकून बाहेर पडले.

सहांतली एक, कानफाटी, माझ्याबरोबर बाहेर यायला निघाली होती. मी तिचं तोंड तळहाताने मागे ढकललं आणि कडी घातली.

एवढंच झालं. तिचं नाक ओलं होतं. हात तीनदा धुतला आज.

पाच म्हाताऱ्या मेंढ्या मंगळवारीच इथल्या, उत्तर इंग्लंडातल्या, हेक्सहॅमच्या बाजाराला गेल्या होत्या. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

कुत्र्यांना मेंढरं वळायला शिकवायची माझी शाळा. मेंढरं माझ्या गुडघ्याशी का येतात हे मी तिथे नऊ वर्षं लोकांना समजावून सांगत आले. कॉली, म्हणजे मेंढरं वळणारं कुत्रं, त्याच्या रक्तातच असतं, कळपाला वळसा घालून पलीकडच्या टोकाला जायचं आणि कळप माणसाकडे आणायचा. घड्याळाच्या तबकडीवर मी सहावर उभी असेन तर कुत्रं आपसूक बारावर जाऊन थांबतं. मी चारवर सरकले की ते दहावर. इथे याला बॅलन्स म्हणतात, आणि पहिल्या आठ-दहा शिकवण्या त्यातच जातात. आता कुत्रं नवखं, वर्षभराचं, अंगात वारं शिरलेलं. ते सरळ आत घुसतं, लोकर ओढतं. त्याला चुकवता चुकवता मेंढरं एक गोष्ट पक्की शिकतात: बाईच्या पायाशी जाऊन उभं राहायचं, तिथे कुत्रं पोचत नाही. पोचत नाही, कारण तिथे मी काठी आडवी धरून उभी असते.

अशी मेंढरं स्पर्धेला चालत नाहीत. स्पर्धेत कुत्र्याने लांबचा वळसा घ्यायचा, मेंढरं शांतपणे हलवायची, आणायची, पुन्हा दूर न्यायची, वेगळी काढायची, वाड्यात घालायची. शंभर गुणांचा हिशोब असतो. त्यातले दहाच गुण लिफ्टला, म्हणजे मेंढरं जागची हलतात त्या पहिल्या क्षणाला. खालच्या फार्मचे आजोबा म्हणायचे की कुत्रं तिथेच कळतं. कुत्रं आणि मेंढरं एकमेकांकडे बघतात, आणि या कुत्र्यापुढे चालायचं की उधळायचं हे मेंढरं तेवढ्यात ठरवतात. माझी मेंढरं काहीच ठरवत नसत. कुत्रं दिसलं की माझ्याकडे. पण नवख्या कुत्र्यांच्या शाळेला तीच हवीत. बुजरी मेंढरं असती तर पहिल्याच दिवशी कुंपणात अडकून पाय मोडून घेतले असते.

म्हणजे मी कुत्री शिकवत होते तेव्हा ही मेंढरंही शिकत होती. कुत्री शिकून आपापल्या घरी गेली. काही खरोखरच डोंगरावर कामाला लागली. बरीचशी न्यूकॅसलच्या घरांमधली, सायकलींच्या मागे धावणारी, मालकांना जेरीस आणणारी. ती थोडी निवली, एवढंच. मेंढरं मात्र नऊ वर्षं माझ्याच वर्गात. कानफाटी त्यातली सहा वर्षं. आणि ती जे शिकली त्याचाच मी आज उपयोग केला.

कुरणाबद्दल लिहायला बसले तर रात्र पुरायची नाही. तिथे आता झाडं लागणार. स्प्रूस. इथे किल्डरला 1926 पासून जंगल लावत आलेत आणि अजून लावतायत, लाकूड लागतंच सगळ्यांना. मालकाची जमीन, मालकाची मर्जी. शिवाय माझा डावा गुडघा. शिवाय विम्याचा हप्ता. असू दे.

वेस्ट वुडबर्न इथून गाडीने वीस मिनिटं. कुणी नवीन आलं की त्याला मी तिथली गोष्ट सांगायचे. सप्टेंबर 1893 मध्ये ॲडम टेल्फरकडे एक पिल्लू जन्मलं, ओल्ड हेम्प. आजच्या बहुतेक सगळ्या बॉर्डर कॉलींचं मूळ त्याच्यापर्यंत पोचतं. त्याआधीची कुत्री भुंकत, चावत, अंगावर जात. हा आवाज न करता जमिनीला लागून यायचा आणि नजरेने मेंढरं हलवायचा. त्याची पिल्लं हवीत म्हणून धनगरांची रीघ लागली. शिकारी जनावर सावजावर नजर लावतं, दबकत जातं, पळवतं, धरतं, मारतं. कॉलीत यातल्या पहिल्या पायऱ्या वाढवल्या आणि शेवटच्या पुसून टाकल्या. मेंढराला हे माहीत नसतं. त्याला समोर लांडगाच दिसतो. मी सांगायचे, आपण भीतीवर काम करतो हे विसरू नका, म्हणून ती कमीत कमी वापरायची. मेंढरांपासून दहा पावलांवरून काम होत असेल तर कुत्र्याने नऊ पावलांवर जायचं नाही.

भीती नऊ वर्षं वापरली आणि शांत झोपले. आज भीती वापरलीच नाही, आणि जागी आहे.

आबांची आठवण येते. आबांची कुत्री राखणीची, मेंढरं हाकायची नाहीत. रात्री वाघराच्या जाळीभोवती बसायची, लांडग्याची चाहूल लागली की उठायची. मेंढरं हाकायला तोंडाची हाळी आणि हातातली काठी. साताऱ्याकडच्या माणच्या त्या उन्हात मी लहान असताना बाजारातही गेलेय त्यांच्याबरोबर. रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा. सौदा झाला की आबा विकलेलं मेंढरू टेम्पोत स्वतः कधी चढवायचे नाहीत. दादाला सांगायचे आणि पाठ करून तंबाखू मळत बसायचे. मला तेव्हा वाटायचं, किती कोरडा माणूस. सहा महिन्यांचं होईपर्यंत ज्याला खांद्यावर घेऊन फिरले, त्याच्याकडे वळूनही बघत नाहीत.

मला कुणाला सांगता आलं असतं? त्या मुलाला? त्याने ओढून चढवली असती, चिडली असती, घाबरली असती, पण ते त्याच्या खात्यावर गेलं असतं. मी मऊपणाने केलं म्हणून ते माझ्या खात्यावर आलं. नऊ वर्षं राबून माझ्याकडे राहिलं काय, तर एक शिटी, दोन काठ्या, दुखरा गुडघा आणि ही कडी लावल्याचा आवाज. बाकी कुणाला काही वाटलेलंही नाही. धाकटा जेवताना म्हणाला, आता शनिवार मोकळे. हो, मोकळे.


सोमवार, संध्याकाळ

काल काहीच लिहिलं नाही. सकाळी नऊला नेल फाटकापाशी जाऊन बसली, साडेदहापर्यंत. मीही गेले नाही तिला आणायला. मग आपणच आली.

आज आईचा फोन. चकल्यांची भाजणी कुणाबरोबर तरी पाठवतेय, पाडव्याला पोचेल की नाही सांगता येत नाही. मग म्हणाली, "पाडव्याला भंडारा कुणाला लावशील आता?" दरवर्षी मी अकराही मेंढरांच्या कपाळाला लावून फोटो पाठवायचे तिला. त्या प्रश्नावर मला बोलताच येईना. मग दाराचं सांगितलं. सगळं. तोंड ढकलल्याचंही.

तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "अगं, आबा कायम म्होरंच चालायचे की."

मी म्हटलं, रानात. बाजाराला नाही.

"बाजाराला पण. म्हसवडला न्यायची असली तरी तेच म्होरं, आन् मेंढरं मागनं. हाकलून न्यायची म्हटलं तर दमत्यात, बिथरत्यात. माणूस म्होरं असला की चालत्यात. तू टेम्पोपाशीचं तेवढं बघितलंस. त्याच्या आधी चार कोस तेच घिऊन आलेले असायचे."

मला हे खरंच माहीत नव्हतं. दादा आणि मी एसटीने मागाहून जायचो.

मी विचारलं, आबा कधी काही बोलले का त्यावर. आई म्हणाली, "काय बोलायचं? घरी आल्यावर जेवायचे न्हाईत त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी जेवायचे." आणि मग लगेच, "तू जेवलीस का?"

जेवले. आज दोन दिवसांनी नीट जेवले. आमटी-भात.

अजून ते दार डोळ्यांसमोर येतंच, पण आता त्यात आबाही येतात. पुढे चालणारे, घोंगडी खांद्यावर, मागे वळून न बघणारे, कारण वळून बघितलं तर मेंढरं थांबतात. हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी परवा रॅम्प चढताना मीही मागे बघितलं नाही. तेव्हा ते लबाडीचं वाटलं. आता दुसरा रस्ता कुठला होता ते शोधतेय आणि सापडत नाही. धरून चढवली असती तर माझ्याकडची शेवटची आठवण घाबरण्याची झाली असती. एवढं पटतंय. कानफाटीचं ओलं नाक मात्र पटवून घेता येत नाही, ते तसंच आहे.

त्या मुलाला मी निरोप पाठवला होता, ठीक आहेत का म्हणून. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. आत्ता उत्तर आलं. पहिला दिवस भिंतीला चिकटून होती. काल त्याने आपलं नवं पिल्लू दोरीवर घेऊन कुरणात आणलं, तर सहाही पळत सुटली ती थेट त्याच्या भावाकडे. भाऊ दहा वर्षांचा, फाटक धरून उभा होता. त्याला चहूबाजूंनी घेरून उभी राहिली. त्याने सोबत फोटो पाठवलाय. पोराचा चेहरा अर्धा घाबरलेला, अर्धा हरखलेला. दोन्ही हात वर. कानफाटी सगळ्यांत पुढे, डोकं त्याच्या मांडीला टेकवून.

बराच वेळ बघत बसले फोटोकडे. थोडं दुखलं. तीन दिवसही लागले नाहीत तिला. मग फोटो मोठा करून बघितलं, पोराने साधे बूट घातलेत, घोट्यापर्यंतचे.

उत्तर लिहिलं: त्याला गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालायला सांग. आणि पिल्लू जवळ आलं की त्याने तिथून हलायचं नाही, काठी आडवी धरायची. मोठी काठी नको, हलकी. माझ्याकडे एक आहे, रविवारी आणून देते.