शाउटर लॉग, महिना चौथा: टाळीवर अडकलोय

सध्या ब्लूज शाउटर ऐकतोय, म्हणजे बँडवर आवाज चढवून गाणारे जुने अमेरिकन ब्लूज गायक. मागच्या वेळी लिहिलं होतं की या महिन्यात त्यातला वायनोनी हॅरिस संपवतो. कसलं काय, तीन आठवडे एकाच गाण्यात गेले, ‘गुड रॉकिन टुनाइट’. मूळ गाणं रॉय ब्राऊनचं, १९४७चं. त्याने ते आधी हॅरिसला देऊ केलेलं, पण साहेबांनी नको म्हटलं, मग ब्राऊनची रेकॉर्ड चालायला लागली तसं डिसेंबरमध्ये सिनसिनाटीला किंग रेकॉर्ड्ससाठी स्वतःच गायला आणि १९४८ला आर अँड बी (तेव्हाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या) यादीत थेट पहिला नंबर!

दोन्ही पाठोपाठ ऐका. ब्राऊन सूर लांबवतो, थोडा लाडात येतो. हॅरिस शब्द नुसते फेकतो, हॅल सिंगरचा सॅक्स गुरगुरतोय आणि मागे दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर टाळ्या. त्या टाळ्या धरायला बसलो तर जाम जमेना, लहानपणापासून आरतीची सवय, हात पहिल्या मात्रेवरच पडतो. सहाव्या दिवशी जमलं, तेही भांडी घासताना, लक्ष नसताना.

मग जो टर्नर. ‘रोल एम पीट’, १९३८, फक्त पीट जॉन्सनचा पियानो आणि हा. कॅन्सस सिटीत बारटेंडर होता, काउंटरमागूनच गायचा. मला आधी वाटायचं शाउट म्हणजे बोंबलणं, पण हा बोंबलतच नाही हो, घसा मोकळा सोडलाय आणि पियानो कितीही पळाला तरी हा निवांत.

एक गंडलो पण. ऑनलाइन एक सीडी घेतली, कव्हरवर ‘ओरिजिनल हिट्स’, लावली तर चकाचक स्टिरिओ, म्हणजे त्याच गायकांनी म्हातारपणी परत गायलेली गाणी. चारशे रुपये पाण्यात. आता रेकॉर्डिंगचं साल छापलेलं नसेल तर हात लावत नाही.

पुढचा नंबर जिमी विदरस्पूनचा, त्याला कारण आहे. हा माणूस महायुद्धात मर्चंट मरीनमध्ये होता आणि कलकत्त्यात अमेरिकन जॅझ पियानोवादक टेडी वेदरफोर्डच्या बँडबरोबर गायलाय! तोच वेदरफोर्ड जो त्याआधी मुंबईत ताजमध्ये वाजवायचा. हे वाचल्यापासून डोकं तिकडेच आहे. सुरुवात ‘एन्ट नोबडीज बिझनेस’पासून, जे पियानोवादक जे मॅकशॅनच्या बँडसोबतचं, रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. संथ आहे, टाळीची झंझट नाही.