सायकलच्या लेनमध्ये शिरायचं असतं म्हणे!

लायसन्स हातात येऊन दोन महिने झाले, तरी रस्त्याकडेची ती तुटक पांढरी रेघ दिसली की माझं डोकं अजून तापतं.

नाशिकला मी बारा वर्षं गाडी चालवली. ऐन गर्दीत द्वारका चौक पार केलेली बाई मी. कॅलिफोर्नियात आल्यावर लेखी परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाले. 36 प्रश्न, त्यातले 30 बरोबर हवेत, संपला विषय.

घोडं अडलं रस्त्यावरच्या परीक्षेत. परमिटवर शिकताना शेजारी इथलं लायसन्स असलेला माणूस लागतो. नवरा कायम मीटिंगमध्ये, म्हणून मावसभाऊ बसायचा. दादा आधी बरीच वर्षं ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला होता. शिस्तीचा कडक. "सायकलची लेन म्हणजे सोवळं. शिवायचं नाही!" मलाही पटलं. गाडीवाल्याने सायकलवाल्याच्या वाटेत कशाला जायचं?

परीक्षेच्या दिवशी हॉर्न, वायपर, ब्रेकलाइट, हाताचे इशारे सगळं नीट झालं. मग एक उजवं वळण आलं. सायकलची लेन मोकळी असल्याची खात्री केली, तिच्यात जराही न शिरता थेट माझ्या लेनमधून सफाईदार वळले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. शेजारच्या परीक्षक बाई काहीतरी खरडत होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, नापास. का? तर मी सायकलच्या लेनमध्ये शिरले नाही म्हणून! मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. त्यांनी कागदावरच्या खुणेवर बोट ठेवलं आणि दार उघडून निघून गेल्या. बाकीच्या चुका पंधरापर्यंत माफ, ही मात्र एकच पुरते.

घरी येऊन हँडबुक पुन्हा उघडलं. कॅलिफोर्नियात उजवीकडे वळण्याआधीच्या 200 फुटांत, आरसा पाहून, खांद्यावरून मागे नजर टाकून, सायकलच्या लेनमध्ये शिरायचं. म्हणजे सरळ जाणारा सायकलवाला तुमच्या उजव्या अंगाला येऊन वळताना चिरडला जात नाही. त्याआधीपासून त्या लेनमधून गाडी हाकली तर तीही चूक. ऑरेगनमध्ये बरोबर उलटं: लेनमध्ये शिरायचं नाही, सायकलवाल्याला जाऊ द्यायचं आणि मग वळताना ती ओलांडायची. दादा परीक्षा देऊन आला तो तिकडची. इथे आल्यावर, हातात आधीचं अमेरिकन लायसन्स असल्यामुळे, त्याला रस्त्यावरची परीक्षा द्यावीच लागली नाही. म्हणजे हा गुरू इतकी वर्षं इथे चुकीचाच वळत होता!

चूक माझी, मान्य. पण पुढची तारीख पाच आठवड्यांनी? खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता "नेक्स्ट" म्हटलं, ते अजून कानात आहे. तोवर मुलीला शाळेत सोडायला शेजारणीच्या विनवण्या. रोज पहाटे उठून वेबसाइट बघायचे, कुणीतरी तारीख सोडेल या आशेने. अठराव्या दिवशी मिळाली. तुम्हीही पहाटेच बघा, दुपारी काही हाती लागत नाही.

आठवलं म्हणून सांगते, स्टॉपच्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. नुसता वेग कमी करून पुढे सरकलं तरी नापास. मी मनात "एक गणपती, दोन गणपती" म्हणायचे. लाल सिग्नलला उजवीकडे वळता येतं, पण तिथेही आधी पूर्ण थांबायचं, आणि मनाईची पाटी नाही ना, ते बघायचं. मागे बघताना मान चांगली वळवा, नुसते डोळे फिरवलेले परीक्षकाला दिसत नाहीत. गाडीच्या इन्शुरन्सचा कागद आदल्या रात्रीच पर्समध्ये टाका. आणि एका अर्जावर तीनच संधी मिळतात, हे विसरू नका.

दुसऱ्या वेळी नेमका तोच रस्ता, तेच वळण. आरसा, खांदा, लेन. चार चुका निघाल्या, पण पास.

बाहेर आल्यावर दादाने घरी जायला किल्ली मागितली. मी दिली नाही.