सोमवारी संध्याकाळी सात वाजता

माणूस गेल्यावर काय करायचं हे कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही आणि त्याला मोठा हातभार लागतो तो लोकांनी दिलेल्या शेणींचा, म्हणजे गोवऱ्यांचा. होळी आली की तालमी-मंडळं होळी लहान करतात आणि शेणी ट्रॉलीत भरून स्मशानात पोचवतात. कुणी आईच्या नावानं देतं, कुणी आजोबांच्या. हे इथं इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्समध्ये कामावरच्या लोकांना सांगायला गेलो, तर शेणी म्हणजे काय हे समजावण्यातच जेवणाची सुट्टी संपली.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हाही सगळं रीतसर झालं. रक्षाविसर्जन झालं, बारावा झाला. मित्रांनी रक्तदान शिबिर घेतलं, शाळेत वह्या वाटल्या, चौकात डिजिटल फलक लावला. तो आत्महत्येनं गेला हे मात्र एकाही तोंडातून बाहेर पडलं नाही. पाहुण्यांना 'अटॅक' सांगितला. आईला दोष द्यावा असं मला वाटत नाही. बारा दिवस घरात येणाऱ्या प्रत्येकाला खरं सांगत बसायची ताकद कुठून आणायची?

हॅलिफॅक्स म्हणजे यॉर्कशायरमधलं जुन्या लोकरीच्या गिरण्यांचं, चढ-उताराचं गाव. इथला ल्यूक अ‍ॅम्बलर हा रग्बीपटू. २०१६ मध्ये त्याचा मेव्हणा अँडी रॉबर्ट्स वयाच्या २३ व्या वर्षी आत्महत्येनं गेला. घरात कुणाला कसलीच चाहूल नव्हती. ल्यूक आणि अँडीची आई एलेन यांनी त्याच वर्षी 'अँडीज मॅन क्लब' सुरू केला. पहिल्या बैठकीला नऊजण आले होते. आज ब्रिटनमध्ये दोनशेहून जास्त ठिकाणी दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता पुरुष जमतात. फी नाही, नावनोंदणी नाही, डॉक्टरही नाही. चहा-बिस्किटं असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला : आठवडा कसा गेला? बोलायचं नसेल तर नुसतं बसायचं. गट चालवणारेही बहुतेक असेच कधीतरी पहिल्यांदा दारातून आत आलेले.

मीही तसाच गेलो. आता खुर्च्या मांडायचं, नव्या माणसाला दारात गाठून चहा द्यायचं काम माझ्याकडं आहे. दुःख कमी झालं का, असं घरचे फोनवर विचारतात. नाही झालं. पण सोमवारी त्याला काहीतरी काम मिळतं.

इथल्या लोकांचं मला एक पटलं. दान आपणही करतो, कदाचित जास्तच. पण हे लोक माणूस कशामुळं गेला त्या कारणाच्या मागं लागतात. २०२१ मध्ये मुली गमावलेले तीन बाप कंब्रियापासून नॉरफॉकपर्यंत ३०० मैल चालत गेले. तरुणांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या 'पपायरस' संस्थेसाठी त्यांनी पैसे उभे केले आणि शाळेत या विषयावर मोकळेपणानं शिकवा म्हणून सरकारच्या मागं लागले. मुली आत्महत्येनं गेल्या हे ते उघडपणे सांगायचे.

वर्षश्राद्धाला घरी आलो तेव्हा भावाच्या मित्रांपुढं हे मांडलं. म्हटलं, यंदा वह्या नकोत. तालमीची खोली संध्याकाळी रिकामीच असते, तिथं बसू. एकजण लगेच म्हणाला, "दादा, तालमीत रडायला बसायचं व्हय?" हशा झाला. पहिल्या सोमवारी तासभर फक्त फुटबॉलवर चर्चा झाली, पाटाकडील आणि दिलबहार या कोल्हापूरच्या संघांवर. मी गप्प बसलो. सगळे उठले, आणि गाडीला किक मारता मारता एकजण म्हणाला, "मला दोन महिनं झोपच नाही." गाडी बंद करून आम्ही परत आत गेलो.

पोलिसांची भीती बऱ्याच जणांच्या मनात होती. प्रयत्न केला हे कळलं तर केस होईल म्हणून घरचे दवाखानाही टाळतात. म्हणून हे इथं लिहितोच : २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरलं जातं, म्हणून तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. १४४१६ हा 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, आणि मराठीत बोलता येतं.

यंदाच्या डिजिटलवर काय लिहायचं यावरून बरीच घासाघीस झाली. शेवटी आई म्हणाली, नंबर मोठा घाला, फोटो लहान चालेल. पुढाऱ्यांचे फोटो गळाले ही त्यातली अवांतर कमाई.

बसणं सुरू आहे. कधी तिघं असतात, कधी खोली भरते. मी इथून फोनवर असतो, पण साडेचार-साडेपाच तासांच्या फरकामुळं माझी दुपार असते आणि साहेब कुरकुरतो. सध्या ग्रुपवर भांडण चाललंय ते वेगळंच : फुटबॉलचा सामना सोमवारी आला तर वार बदलायचा की नाही?