सोनेरी अक्षरं आणि आईचा पितळी तांब्या

आतेभावाच्या मंडळाचा फ्लेक्स करून दिला परवा. १० बाय ६ फुटी, मधोमध मंडळाचं नाव आणि अट एकच, "दादा नाव गोल्डन पाहिजे, खऱ्या सोन्यासारखं, मागच्या वर्षीसारखं हळद लावल्यासारखं नको." मागच्या वर्षीचा पण मीच केला होता हे तो विसरला होता, किंवा अजिबात विसरला नव्हता.

तेव्हा मी फोटोशॉपमध्ये काय केलेलं, तर अक्षरांना पिवळा रंग, बेव्हल अँड एम्बॉस (कडांना उतार देऊन अक्षर उठावदार करणारा इफेक्ट), खाली काळी सावली, झालं. स्क्रीनवर बरं वाटलं, चौकात टांगल्यावर साबणाच्या वड्या ओळीने मांडल्यात असं दिसायला लागलं.

म्हणून यावेळी फोटोशॉप उघडायच्या आधी आईने चिंचेने घासून ठेवलेला पितळी तांब्या टेबलावर घेतला आणि नुसता बघत बसलो. आई म्हणे, "अरे पाणी हवंय का?" पाणी नको होतं. बघितलं तर त्याच्यात पिवळा असा रंग अगदीच थोडा! खिडकी पडलीय तिथे जवळजवळ पांढरा, त्याला चिकटूनच गडद चॉकलेटी, मधे टेबलाच्या कडेची एक काळपट आडवी रेघ, खाली परत उजळ. म्हणजे चकचकीत धातू आजूबाजूचंच दाखवतो, फक्त स्वतःची छटा देऊन. उजेडातून अंधारात हळूहळू गेलं की प्लास्टिक दिसतं, झटक्यात गेलं की धातू. ८० च्या दशकातली ती क्रोमची अक्षरं आठवतायत का, वर निळं, मधे काळी रेघ, खाली मातकट? ते आकाश, क्षितिज आणि जमीनच आहे, अक्षरात पडलेली.

एवढं कळल्यावर बाकी सोपं. ग्रेडियंट ओव्हरलेमध्ये, म्हणजे अक्षरावर एका रंगातून दुसऱ्यात जाणारा पट्टा चढवतात तिथे, पाच स्टॉप (रंगांचे टप्पे) घेतले. गडद तपकिरी (आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे आकडे ९०, ५५, १०), मग सोनेरी (२१०, १६५, ६०), मग फिकट साय (२५५, २४५, २००), परत तपकिरी, परत सोनेरी. यातला साय आणि दुसरा तपकिरी एकमेकांना जवळपास टेकवायचे, तीच तांब्यावरची रेघ. मग बेव्हलमध्ये इनर बेव्हल, टेक्निक चिझेल हार्ड (छिन्नीने कापल्यासारखी धारदार कड), आणि ग्लॉस कंटूर (चकाकीचा चढउतार ठरवणारी रेषा) सरळ रेषेचा न ठेवता रिंग किंवा रिंग डबल. खरी जादू या कंटूरमध्येच आहे, तो उजेड-अंधार दोनदा-तीनदा उलटसुलट करतो. अँटी-अलियस्ड वर टिक करा नाहीतर कडा करवतीसारख्या येतात. आणि शॅडोचा डिफॉल्ट काळा रंग काढून तपकिरी टाका, काळ्याने सोनं मळकट दिसतं.

आता यूट्यूबवरचे सगळे इंग्रजी अक्षरांवर शिकवतात, आपली गोष्ट वेगळी. आपल्याला शिरोरेषा आहे! जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे मोबाईलवर, नेटवर चालतं ते मराठी, हे त्याच्या आधीचे) दोन अक्षरांच्या सांध्यावर कधीकधी केसाएवढी फट असते, साध्या रंगात ती दिसत नाही पण बेव्हल लावला की ती पण कडच समजून तिथेही उतार पडतो आणि सोन्याच्या पट्टीला तडा गेल्यासारखं दिसतं. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं तर तेच, म्हणून ते शून्यच ठेवायचं. युनिकोड वापरत असाल आणि फोटोशॉप जुनं असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाईपच्या खाली वर्ल्ड-रेडी लेआउट (आपल्यासारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू आहे ना ते बघा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं तुटतात. फॉन्ट जाडच घ्या, बारीक रेघेवर चिझेलला जागाच मिळत नाही. मी 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्यांचा 'बालू' घेतला, फुकट आहे, आणि त्यात अनुस्वार असा टपोरा येतो की बेव्हल लावल्यावर खरंच सोन्याचा मणी वाटतो.

एका ठिकाणी मात्र यावेळी पण आपटलोच. १० बाय ६ फूट ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) म्हणजे ८६४० बाय ५१८४ पिक्सेल, माझा लॅपटॉप त्याला धापा टाकतो, म्हणून नाव वेगळ्या फाईलमध्ये पाव साईजला केलं आणि मोठ्या फाईलमध्ये नेऊन कंट्रोल टी करून ताणलं. अक्षरं चौपट झाली, ८ पिक्सेलचा बेव्हल ८ वरच राहिला, सगळं सोनं उडालं. अर्धा तास ग्रेडियंटला शिव्या घातल्यावर लेयर स्टाईलमधलं स्केल इफेक्ट्स आठवलं, तिथे ४०० टक्के टाकलं, आलं परत. आख्खी फाईलच मोठी करणार असाल तर इमेज साईजमध्ये स्केल स्टाईल्सची टिक बघा.

आणि छापून आल्यावर थोडं डल दिसणारच, चार शाईंमध्ये सोनं नसतं, असतो पिवळा-तपकिरीचा भास. लग्नपत्रिकेवर खरं चमकतं ते फॉइल (दाबून चिकटवलेला चमकता पातळ थर), वेगळं काम.

भावाला आवडलं. लगेच म्हणे, "दादा खाली कार्यकर्त्यांची बावीस नावं आहेत ना, ती पण अशीच कर." तेवढ्या बारीक अक्षरात हे सगळं कोंबलं तर नुसता चिखल दिसतो, दोन फुटांवरून पण वाचता येत नाही. मी ती साधी पांढरी ठेवली. बाविसाव्या नंबरवर त्याचंच नाव होतं, त्यामुळे सध्या फोन उचलत नाहीये.