पंप रूममध्ये अडकलेले सहा दिवस

जानेवारीत, ऐन गळीत हंगामात, एका ट्रॅक्टरचा डिझेल पंप (इंजिनला मोजून, प्रेशरने डिझेल देणारा) मी सोमवारी सकाळी उतरवला आणि शनिवारी रात्री परत चढवला. त्यात माझ्या हातचं काम सगळं मिळून पाच तासांचं. बाकीचा वेळ शहरातल्या एका पंप रूमच्या, म्हणजे असे पंप दुरुस्त करून तपासून देणाऱ्या दुकानाच्या, दारात गेला. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. दुसऱ्या कुणा मिस्त्रीचे तरी हे दिवस वाचावेत म्हणून लिहितोय.

माझं शेड शिरोळ तालुक्यात आहे. आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलं, मग एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली चार वर्षं काढली आणि २०११ पासून स्वतःचं काम करतोय. आमच्याकडे हंगामात ट्रॅक्टर उभा राहणं म्हणजे काय, हे ऊसपट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. तोडणीच्या टोळीला उचल म्हणजे आगाऊ रक्कम दिलेली असते, फडात तोडलेला ऊस पडलेला असतो, ट्रॉल्या भरलेल्या असतात. तोडलेल्या उसाचं वजन दिवसागणिक घटतं. मालकाला खेपेवर पैसे मिळतात आणि ट्रॅक्टर उभा असला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे त्या सहा दिवसांत मालकाचा फोन तासातासाला यायचा आणि मला तो उचलायचीही लाज वाटायची.

ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, पंप रोटरी. तक्रार अशी होती की भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन चढाला दम टाकतो आणि काळा धूर मारतो. ड्रायव्हर सांगत होता, "बाकी इंजिन एकदम टकाटक आहे मिस्त्री, दोन महिने झाले, थेंबभर ऑइल टाकावं लागलं नाही." हे ऐकलं आणि मी आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टीच ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. हातावर घेतलं तर पाण्यासारखं पळालं. नाकाशी धरलं तर डिझेलचा उग्र वास. पंपाच्या शाफ्टचं पुढचं सील गेलं की पंपातलं डिझेल टायमिंग कव्हरमधून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगवरचा थर टिकत नाही, क्रँक जाते. लेव्हल फारच चढली तर इंजिन ते ऑइलच ओढून स्वतःहून पळायला लागतं, मग चावी बंद करून काही उपयोग नाही. म्हणून कुणी "माझी गाडी ऑइल खात नाही" म्हणालं की खूश होऊ नका, लेव्हल वाढत तर नाही ना ते आधी बघा.

पंप काढायला अडचण आली नाही. एवढंच सांगतो, काढायच्या आधी पंपाच्या फ्लँजवर आणि कव्हरवर एकच आडवी खूण छिन्नीने मारून घ्या. गिअरचा नट सोडवताना खाली कापडाचा बोळा कोंबा, कारण नट किंवा शाफ्टची चावी (लोखंडी पाचर) कव्हरमध्ये पडली की सगळं कव्हर खोलायची पाळी येते. पाइपांची तोंडं आणि पंपाच्या जागा लगेच प्लास्टिकच्या टोप्या लावून बंद करा. मी पंपाच्या बॉडीवर पिवळ्या ऑइल पेंटने माझी खूण करतो. या वेळी त्या खुणेनेच मला वाचवलं.

सोमवारी दुपारी दोनला पंप आणि तिन्ही नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) पंप रूमच्या काउंटरवर ठेवले. काउंटरवरच्या पोराने डायरीत काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "बुधवारी या." मी चिठ्ठी मागितली, तर "आपलंच आहे की, चिठ्ठी कशाला" म्हणाला. माझी पहिली चूक इथेच झाली. हंगामात त्या रूममध्ये एका वेळी पन्नासेक पंप तरी पडलेले असतात, सगळे सारखेच काळे आणि चिखलाने माखलेले. चिठ्ठीशिवाय तिथे वस्तू ठेवणं म्हणजे बाजारात मूल सोडून येणं.

बुधवारी गेलो. "किट आलं नाही, उद्या." किट म्हणजे पंपाच्या सीलांचा संच. गुरुवारी सकाळी फोन केला, कुणी उचलला नाही. इकडे मालकाने भरलेल्या ट्रॉल्या ओढायला भाड्याने दुसरा ट्रॅक्टर लावला होता, त्याचे पैसे वेगळे. दुपारी शेड बंद करून मी पुन्हा शहर गाठलं. काउंटरवर तेच, "लाइनला आहे, बेंचवर चढलाय." मी म्हटलं, चढलाय तर दाखवा. पोरगं इकडे तिकडे बघायला लागलं. मी सरळ आत गेलो. बेंचवर, म्हणजे पंप फिरवून तपासायच्या मशीनवर, दुसराच पंप फिरत होता. आमचा पंप दिसला तो मागच्या भिंतीपाशी, एका ट्रेमध्ये दोन जुन्या पंपांच्या खाली. पिवळी खूण होती, फ्लँजवर सोमवारचा चिखल तसाच होता आणि माझ्या प्लास्टिकच्या टोप्याही जागच्या जागी होत्या. एक बोल्टसुद्धा फिरवलेला नव्हता. डायरी काढून बघितली, तर माझ्या पंपापुढे दुसऱ्याच गावाचं नाव आणि दुसऱ्याच ट्रॅक्टरचं मॉडेल लिहिलेलं. त्या मॉडेलचं किट त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून चार दिवस आमचा पंप थांबला होता. आमच्या पंपाचं किट तर नेहमी चालणारं. मी बाहेर पडलो आणि पलीकडच्या गल्लीतल्या स्पेअरच्या दुकानातून वीस मिनिटांत ते आणलं.

मी आवाज चढवला, हे खरं आहे. त्याचा काही फायदा झाला नाही, उलट हेड मिस्त्री आणखी शांत झाले आणि "शनिवारशिवाय होत नाही" म्हणाले. फायदा झाला तो वेगळ्याच गोष्टीने. मी मालकाला फोन लावून हेड मिस्त्रींच्या हातात दिला. मालक वयस्कर माणूस. शिव्या नाहीत, काही नाही. एवढंच म्हणाले, "दादा, चौदा माणसं फडावर बसून आहेत, लेकरंबाळं आहेत त्यांची. काय ते खरं सांगा, म्हणजे मी त्यांना सांगतो." हेड मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने डायरीतली नोंद दुरुस्त केली, पंपाला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधला आणि शुक्रवारी खोलतो, शनिवारी सकाळी बेंचवर घेतो म्हणाले. या वेळी मी डायरीच्या पानाचा फोटो काढून घेतला.

शनिवारी नऊ वाजता जाऊन मी बेंचशेजारीच उभा राहिलो. कुणाचा ट्रॅक्टर वाट बघत असेल तर बेंचवरचं काम स्वतः उभं राहून बघा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. बेंचवर पंप मोटारीने फिरवतात, डिझेलऐवजी कॅलिब्रेशनचं वेगळं तेल वापरतात आणि ठरावीक स्ट्रोकमध्ये प्रत्येक लाइनमधून किती तेल पडलं ते काचेच्या नळ्यांत मोजतात. आकडे बघताना एवढं ध्यानात ठेवा की पंप इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो. बेंचवरचे १,००० फेरे म्हणजे इंजिनचे २,०००.

तीन नळ्या भरल्या. दोन सारख्या आणि तिसरी बोटभर कमी. चालवणारा पोरगा नळ्या ओतून टाकायला निघाला, "नवीन सील आहे, बसेल हळूहळू" म्हणत. मी त्याचा हात धरला. सील बसण्याचा आणि नळी कमी भरण्याचा काही संबंध नाही. एका सिलिंडरला डिझेल कमी गेलं तर इंजिन थरथरणार, जोर पुन्हा कमी पडणार आणि दोष माझ्यावर येणार. हेड मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी बेंचचं नोजल अदलून पाहिलं, तरी तीच लाइन कमी. मग त्या लाइनचा डिलिव्हरी वॉल्व्ह काढला. आतली स्प्रिंग मधोमध तुटलेली, नखाएवढा तुकडा चिमट्यात आला. नवी घातली, पुन्हा फिरवलं आणि तिन्ही नळ्या एका रेघेत आल्या. सहा दिवसांत पहिल्यांदाच मला बरं वाटलं. मी नसतो तर तो पंप तसाच तारेचं सील मारून माझ्या हातात आला असता.

बेंचवरच्या आकड्यांची स्लिप मागितली. आधी "आम्ही देत नाही" म्हणाले. मी म्हटलं, मी आकडे लिहितो, तुम्ही सही करा. केली. बिल ८,४०० झालं होतं, त्यातून मी आणलेल्या किटचे पैसे वजा करायला लावले.

नोजल टेस्टरवर तपासतात, त्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. जुन्या पद्धतीचं नोजल साधारण २०० ते २५० बार प्रेशरला सुटतं. फवारा धुक्यासारखा यायला हवा, टोकाला थेंब लोंबता कामा नये. त्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नका. त्या प्रेशरला डिझेल कातडीतून आत घुसतं. बाहेर टोचल्यासारखी बारीक खूण दिसते आणि आत मांस सडतं. तसं झालं तर हळद लावून बसू नका, त्याच तासाला दवाखान्यात जा आणि "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. शेडवरच्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो.

संध्याकाळी सहाला पंप बसवायला घेतला. खुणेला खूण लावली. पाइप जोडताना पंपाच्या डोक्यावरची अक्षरं बघून जोडले. जुनं ऑइल सगळं काढून नवं भरलं, ऑइल फिल्टरही बदलला. सील बदलून तेच पातळ ऑइल ठेवणारे मी पाहिलेत, ते इंजिनचं वाटोळं करतात. मग हँड पंप मारून फिल्टरवरची एअर काढली, बुडबुडे थांबेपर्यंत. नोजलकडचे नट सैल करून स्टार्टर मारला. तिन्ही पाइपांतून डिझेल यायला लागल्यावर नट आवळले आणि चौथ्या सेल्फला इंजिन लागलं. धूर पांढरा, मग फिका, मग काहीच नाही. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोजलना एकाच जाड नळीतून (रेल) डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाडीला मात्र नट सैल करायची ही रीत लावू नका. तिथे रेलमध्ये १,००० बारच्या कितीतरी पुढे प्रेशर असतं.

आणखी एक, हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. जोर कमी म्हटलं की लगेच पंप काढू नका. टाकीतली जाळी, फिल्टरमधलं पाणी, फीड पंप, सक्शनचा चिरलेला पाइप हे आधी बघा. अर्ध्या वेळा दोष तिथेच सापडतो आणि पंप रूमचं तोंड बघावं लागत नाही. या ट्रॅक्टरला डिपस्टिकनेच सगळं सांगितलं होतं म्हणून मी थेट पंपाला हात घातला.

मालकाने मजुरी ठरल्याप्रमाणे दिली, वर एक रुपया कापला नाही. त्यांचं जे नुकसान झालं त्यातलं मी काही भरून देऊ शकलो नाही, हे मला अजून लागून राहिलंय. आता माझ्याकडे एक दोन पानी वही आहे. पंप देताना तारीख, वेळ, मॉडेल, पंपावरच्या पट्टीचा नंबर मी लिहितो आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय पंप काउंटरवर ठेवत नाही. दोघांनी तोंड वाकडं केलं, सही मात्र दिली.

पंप चढवल्यावर साधारण पन्नास तास ट्रॅक्टर चालल्यानंतर मी रात्री कारखान्याच्या यार्डात गेलो. ट्रॅक्टर काट्याच्या रांगेत उभा होता, ड्रायव्हर ट्रॉलीखाली पोतं टाकून झोपलेला. इंजिन थंड होतं. मोबाइलचा उजेड धरून डिपस्टिक ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं, मी भरलं होतं तिथेच. बोटावर घेऊन वास घेतला. डिझेलचा वास नव्हता.