घाटावरचा समुद्र : आमची वाटचाल

सदाशिव पेठेतल्या एका गाळ्यात खाऱ्या पाण्याच्या फिशटँकची विक्री व देखभाल सुरू केली, तेव्हा 'घाटावर बसून समुद्र विकणार काय?' असे नातेवाइकांनीच विचारले होते. भांडवल म्हणजे पतपेढीचे कर्ज, पाण्याचा खारेपणा मोजणारा एक जुना रिफ्रॅक्टोमीटर आणि मिठाच्या दोन बादल्या. खडकवासल्याचे पाणी आरओ-डीआय या क्षार काढणाऱ्या गाळणयंत्रातून काढायचे आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसल्याखेरीज त्यात मीठ घालायचे नाही, हा नियम आम्ही आजवर मोडलेला नाही. पुढची सहा-सात वर्षे बरी गेली.

मग समोर एक दुकान उघडले आणि तिथे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारे नायट्रेट १५ दिवसांत शून्यावर आणणारी बाटली मिळू लागली. नायट्रेट ८० पीपीएम (दहा लाख भागांत ८०) असलेल्या टाकीतले २० टक्के पाणी बदलले, तर आकडा ६४ वर येतो, पुन्हा बदलले तर ५१ वर. शिवाय माशांच्या रोजच्या खाण्यातून अमोनिया, त्याचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट होणे काही थांबत नाही. एवढे सांगेपर्यंत गिऱ्हाइकाचे तोंड उतरलेले असे, आणि समोर मात्र त्याच पाण्याचा आकडा ५ निघे. वर्षभरात देखभालीची निम्मी कंत्राटे गेली, हाताखालच्या मुलाला नाही म्हणावे लागले आणि गाळ्याचे भाडे तीन महिने थकले.

हलले नाहीत ते फक्त नारायण पेठेतले काका. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ ३०० लिटरच्या टाकीत क्लाउनफिशची जोडी पाळतो आणि दर रविवारी नायट्रेटचा आकडा वहीत लिहितो. तोही खिडकीच्या उजेडात पाहून, कारण ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. एकदा ते समोर पाणी तपासून घेऊन थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, त्याने दुसरी बाटली हलवलीच नाही!" नायट्रेट तपासायच्या त्या किटमधल्या दुसऱ्या बाटलीतला पदार्थ तळाशी बसतो, ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही, तर नळी पिवळट राहते, म्हणजे नायट्रेट कमी भासते. आम्ही एकाच पाण्याच्या दोन नळ्या केल्या. न हलवलेली पिवळी राहिली, हलवलेली लाल झाली. काकांनी दोन्हींना बुचे लावली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि रस्ता ओलांडला. समोरचे गृहस्थ म्हणाले, किट जुना असेल.

कोणी विचारलेले नाही, तरी नायट्रेट कमी ठेवण्यासाठी सांगतो : गोठवलेले खाणे वितळवल्यावर त्याचे पाणी गाळून टाकावे, फिल्टरचा स्पंज दर आठवड्याला टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळावा, फेसाबरोबर घाण काढणाऱ्या स्किमरचा कप भरेपर्यंत थांबू नये आणि संपमध्ये (टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) नायट्रेट शोषणारे केटो शेवाळ रात्रीच्या दिव्यावर वाढवून मूठमूठ काढत राहावे. शून्याचा हट्टही नको. नुसत्या माशांच्या टाकीत २० पीपीएमने काही बिघडत नाही.

गेलेल्यांपैकी बरीच कंत्राटे हळूहळू परत आली. एका डॉक्टरसाहेबांनी मात्र त्या वर्षीचे शेवटचे बिल अजून दिलेले नाही. त्याची कार्बन प्रत माझ्या खणात आहे.